‘मी नियम मोडले’ : रोतो की रोतास?

आपण विचारले आहे की, ‘मी नियम मोडले’ हे स्पॅनिशमध्ये ‘ए रोतो लास रेग्लास’ असे लिहावे की ‘ए रोतास लास रेग्लास’, आणि नियम मोडणाऱ्या विद्यार्थ्याला ‘रोतो’ हे विशेषण लावता येईल का. वाक्याचे पहिले रूप बरोबर आहे. विद्यार्थ्याला मात्र ‘रोतो’ म्हणू नये.

‘रोतास’ सुचण्याचे कारण आपल्या मराठीत आहे. आपण ‘मी नियम मोडला’, ‘मी अट मोडली’ असे म्हणतो, म्हणजे भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. त्यामुळे ‘रेग्ला’ (नियम) हे नाम स्त्रीलिंगी आहे हे एकदा मनात बसले की हात आपोआप ‘रोतास’ लिहितो. मध्ययुगीन स्पॅनिशमध्येही असा मेळ आढळतो, परंतु आजच्या भाषेत ‘आबेर’ या सहायक क्रियापदासोबतचे (‘ए’ हे त्याचेच रूप) कृदंत, म्हणजे ‘रोतो’सारखे क्रियापदापासून बनलेले रूप, कर्म कोणतेही असले तरी ‘ओ’कारान्तच राहते. ‘रोम्पेर’ (मोडणे) या क्रियापदाचे कृदंत अनियमित असल्याने ‘रोम्पिदो’ हे रूपही टाळावे.

‘सेर’ किंवा ‘एस्तार’ (दोन्ही ‘असणे’ या अर्थाची क्रियापदे) यांच्यासोबत मात्र कृदंत विशेषणासारखे वागते आणि मेळ अनिवार्य होतो: ‘लास नोर्मास फुएरोन इन्फ्रिंखिदास’, म्हणजे नियमांचे उल्लंघन झाले. येथे मी मुद्दाम क्रियापद बदलले आहे. ‘लास रेग्लास एस्तान रोतास’ हे व्याकरणाने शुद्ध असले, तरी ‘रेग्ला’ म्हणजे मोजपट्टीसुद्धा असल्याने, संदर्भ नसेल तर वाचकाला पट्ट्या मोडल्या आहेत असे वाटेल.

कायदा किंवा नियमावली यांसाठी ‘इन्फ्रिंखिर’ हे क्रियापद औपचारिक लेखनात उत्तम. करार किंवा वचन न पाळल्यास ‘इन्कुम्प्लिर’, आणि सिग्नल तोडल्यास स्पेनमध्ये ‘साल्तार्से’ म्हणतात. ‘इन्फ्रिंखिर’ची ‘इन्फ्लिखिर’शी गल्लत होऊ देऊ नका, कारण ‘इन्फ्लिखिर’चा अर्थ इजा किंवा शिक्षा करणे असा आहे, ही चूक स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांकडूनही होते.

विद्यार्थ्याविषयी सांगायचे, तर ‘रोतो’ हे मोडलेल्या वस्तूचे विशेषण आहे, मोडणाऱ्याचे नव्हे. माणसाला लावल्यास ते थकलेला, खचलेला असा अर्थ देते, आणि चिलीमध्ये तर असभ्य माणसाला हिणवण्यासाठी हा शब्द वापरतात. आपल्याला हवा असलेला शब्द ‘इन्फ्राक्तोर’ आहे, विद्यार्थिनीसाठी ‘इन्फ्राक्तोरा’. शाळेतल्या किरकोळ गोष्टीसाठी तो जड वाटल्यास ‘देसोबेदिएन्ते’ (आज्ञा न पाळणारा) लिहावे, जे दोन्ही लिंगांत सारखेच राहते.