बालीहून इजेन ज्वालामुखीच्या विवरापर्यंत ट्रेक: दमा असलेल्या वडिलांना नेता येईल का?

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरमध्ये बालीला जाताय तर एक रात्र काढून जावा बेटावरच्या कावा इजेनच्या विवरात उतरावं का. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड झालेत, सोबत 61 वर्षांचे वडील आहेत, त्यांना हलका दमा आहे, आणि एजंट म्हणतोय, "सोपा ट्रेक आहे, सगळे करतात."

चढणीबद्दल एजंट खरं बोलतोय. तिथे अवघड आहे ती हवा. तुम्ही जरूर जा. वडिलांना मात्र विवरात उतरवू नका, मास्क कितीही चांगला असला तरी. काठापर्यंत न्यायचं की नाही, ते त्यांचे डॉक्टर आणि त्या रात्रीचा वारा ठरवतील.

मी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आपल्याकडची बहुतेक पांढरी साखर दुहेरी सल्फिटेशनने होते. गंधक भट्टीत जाळायचा, निघालेला सल्फर डायऑक्साइड चुना घातलेल्या रसातून सोडायचा आणि पुढे सिरपमधून पुन्हा एकदा. त्यामुळे हा वायू माझ्या ओळखीचा आहे. ऐन गळीत हंगामात एकदा भट्टीच्या पाइपचा जोड सुटला होता. मी दहा-बारा पावलांवर होतो, एकच श्वास घेतला आणि छाती आवळली गेली. बाहेर मोकळ्यावर येऊन अर्धा तास खोकत होतो. मला दमा नाही. त्या दिवशी माझ्याबरोबर एक दमेकरी सहकारी होता, त्याला सलाइन आणि ऑक्सिजन लावावा लागला. इजेनबद्दल मी जे सांगतोय ते त्या दिवसाच्या आठवणीतून सांगतोय.

आम्ही नवरा-बायको तिथे गेलो ऑगस्ट 2017 मध्ये. बालीहून रात्रीत जाऊन-येऊन करायचं पॅकेज नाकारलं आणि फेरीने सामुद्रधुनी ओलांडून बान्यूवांगी गावात मुक्काम केला. तुम्हीही तेच करा. गिलिमानुकहून केतापांगला फेरी तासाभरात पोचते. जावाचं घड्याळ बालीच्या एक तास मागे आहे, हे लक्षात ठेवा, नाहीतर गाडीची वेळ चुकते. रात्रभर गाडीत बसून, झोप न होता, थेट चढायला लागणं हीच वडिलांच्या वयाला पहिली शिक्षा आहे.

गाडी जिथे थांबते त्या पाल्तुदिंगची उंची साधारण 1,850 मीटर. आपला कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे तिथे गाडीतून उतरता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा वर असता. रात्री थंडी चांगलीच असते, दहा अंशांच्या खाली जाते. विंडचीटर आणि कानटोपी पाहिजेच. तिथून काठापर्यंत सुमारे 3 किलोमीटर आणि 500 मीटर चढ. वाट रुंद आहे, गाडीवाटेसारखी. कुठे शिडी नाही, कुठे कातळ नाही. पहिले दोन किलोमीटर मात्र सलग चढ आहे, आणि भुसभुशीत मातीमुळे उतरताना घसारा लागतो. हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. दोन किलोमीटरवर पोंडोक बुंदेर नावाची डचांच्या काळातली गोल इमारत लागते. खाणकामगार गंधकाची वजनं तिथे करून घेतात. शेजारी चहाची टपरी आहे. ही जागा ध्यानात ठेवा, वडिलांसाठी तिचा उपयोग आहे.

काठावर पोचलं की खाली काळोखात निळ्या ज्वाळा दिसतात. इंटरनेटवरचे फोटो बघून अनेकांना तो निळा लाव्हा वाटतो. तो लाव्हा नाही. भेगांतून जोराने बाहेर येणारे गंधकाचे वायू 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असतात, हवेला लागताच पेटतात, आणि त्यातलाच काही गंधक द्रव होऊन जळत उतारावरून ओघळतो. दिवसाउजेडी ही ज्योत दिसत नाही, म्हणून सगळी धडपड मध्यरात्री. मला ती बघताच आमच्या भट्टीचा झरोका आठवला. तिथे तीच निळी ज्योत मी हजारदा पाहिली होती. फरक इतकाच की इथे डोंगर स्वतः भट्टी झाला होता आणि झाकण कुठेच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि आजही लिहिताना येतोय.

काठावरून खाली उतरायला पाऊण तास लागतो. ओबडधोबड दगडांची अरुंद पायवाट. त्याच वाटेने कामगार वर येत असतात. वेताच्या दोन पाट्या, मधे बांबूची कावड, आणि त्यात 70 ते 90 किलो गंधक. त्यांना वाट द्यायची, आणि द्यायची ती नेहमी डोंगराच्या अंगाला सरकून, दरीच्या बाजूला नाही. त्यांच्या तोंडात बहुधा ओल्या फडक्याचा बोळा असतो, तोच त्यांचा मास्क. खाली त्यांनी भेगांवर पाइप बसवलेत. पाइपातून येताना वायू निवतो आणि रक्तासारखा लाल द्रव गंधक ठिबकतो, थिजताना पिवळा होत जातो. तो पहारीने फोडून पाट्यांत भरतात. यातला बराच गंधक जावामधल्या साखर कारखान्यांत साखर पांढरी करायला जातो. आमच्या गोदामात गंधक पोत्यांतून यायचा, मी त्याची शुद्धता तपासून सही करायचो. माणसाच्या खांद्यावर त्याचं वजन पडताना मी आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री पाहिलं. आमच्या गाईडने, जो स्वतः बारा वर्षं हेच काम करायचा, शर्ट बाजूला करून खांदा दाखवला. दोन्ही खांद्यांवर मुठीएवढे घट्टे होते. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि कामगार विकतात त्या गंधकाच्या छोट्या मूर्तींपैकी एखादी घ्या.

आता वाऱ्याचं. आम्ही अर्ध्या वाटेवर असताना वारा फिरला. समोरचा पांढरा लोट जो इतका वेळ विवरातल्या सरोवराच्या दिशेने जात होता तो सरळ आमच्यावर आला. टॉर्चच्या उजेडात स्वतःचा हात दिसेना. गाईडने आम्हाला वाटेच्या कडेला, धुराकडे पाठ करून उभं केलं आणि मास्क हाताने दाबून धरायला सांगितलं. दोन-तीन मिनिटं असतील. मास्कमधूनही घसा जळत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी. ओलाव्याशी मिळून हा वायू आम्ल बनतो, आणि डोळे, घसा, फुप्फुसं सगळी ओली असतात. लोट सरकल्यावर बायको म्हणाली, मी वर जाते. तिच्या श्वासाला शिट्टी येत होती. तिलाही दमा नाही. गाईडचा भाऊ तिला वर घेऊन गेला, मी खाली जाऊन आलो. आज विचाराल तर मी तिच्याबरोबर वर जायला हवं होतं.

दम्याच्या माणसाची श्वासनलिका सल्फर डायऑक्साइडला इतरांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत आणि काही मिनिटांतच आवळते. निरोगी माणूस नुसता खोकतो तेवढ्या वायूत दमेकऱ्याला झटका येऊ शकतो. त्यात हा वायू हवेच्या दुपटीहून जड. निवला की खळग्यात, विवराच्या तळाशी साचून राहतो. आणि तिथून वर यायचं म्हणजे पाऊण-एक तास धापा टाकत चढायचं. ज्या क्षणी मोठे श्वास लागतात नेमकी तेव्हाच हवा वाईट असते. स्ट्रेचर नीट जाईल अशी ती वाट नाही, जवळचं मोठं रुग्णालय बान्यूवांगीला, म्हणजे पायथ्यापासून गाडीने तासाहून अधिक. म्हणून मी वर इतक्या ठामपणे "नको" लिहिलं.

मास्कविषयी बरेच गैरसमज आहेत. एन-95 वायू अडवत नाही, फक्त कण अडवतो. लागतो तो नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धा मास्क आणि त्याला ॲसिड गॅसची कार्ट्रिज, म्हणजे वायू शोषणारी डबी. तिथे भाड्याने मिळतात, पण कोणती कार्ट्रिज किती रात्री वापरलीय ते कळायला मार्ग नसतो, आणि कार्ट्रिज वापरली की संपत जाते. औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानातून सीलबंद जोडी इथूनच घेऊन जा. घातल्यावर दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. दाढी असेल तर तो चिकटत नाही, दाढी काढा. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत, साधा चष्मा किंवा बंद गॉगल. चांदी घालून जाऊ नका: बायकोची जोडवी सकाळपर्यंत काळी पडली होती. तो हायड्रोजन सल्फाइडचा प्रताप. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच, आणि त्याची मात्रा फार वाढली की नाकाला वास येणंच बंद होतं. त्यामुळे "आता वास येत नाही, म्हणजे बरं आहे" असं कधीही समजू नका.

एजंट तुम्हाला सांगणार नाही अशी आणखी एक गोष्ट. आम्ही येऊन सात महिने झाले आणि मार्च 2018 मध्ये इजेनच्या सरोवरातून अचानक वायू सुटला. खालच्या वस्तीतल्या लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं, दोनशेच्या आसपास लोकांना हलवलं. ते सरोवर म्हणजे जगातलं सर्वांत मोठं तीव्र आम्लाचं सरोवर. विवर म्हटलं की आपल्याला लोणार आठवतं, पण ते उल्कापाताने झालेलं आणि त्याचं पाणी अल्कधर्मी. इजेनचं पाणी नेमकं उलट टोकाला, सामू 1 च्याही खाली, हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाचं. त्याखाली तापलेला खडक. पाणी आणि उष्णता अशी शेजारी असली की वाफेचा स्फोट होऊ शकतो, आणि असा स्फोट फारशी पूर्वसूचना देत नाही. जपानमध्ये ओन्ताके ज्वालामुखी 27 सप्टेंबर 2014 ला, शनिवारी ऐन दुपारी, असाच फुटला तेव्हा इशारा सर्वांत खालच्या पातळीचा होता. 58 जण गेले, 5 सापडलेच नाहीत. न्यूझीलंडच्या फाकारी या ज्वालामुखी बेटावर 9 डिसेंबर 2019 ला स्फोट झाला तेव्हा 47 जण होते, त्यातले 22 दगावले. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मॅग्मा इंडोनेशिया या सरकारी संकेतस्थळावर इजेनची इशारा-पातळी स्वतः बघा. पातळ्या चार: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. नॉर्मलच्या वर काहीही असेल तर विवरात उतरायचा विषय सोडून द्या, गाईड "चालतंय" म्हणाला तरी. आणि नॉर्मल असली तरी तळाशी जितका कमी वेळ, तितकं बरं.

आता वडिलांचं काय करायचं ते. हवा स्वच्छ असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर त्यांना दोन किलोमीटरवरच्या पोंडोक बुंदेरपर्यंत न्या. पाय थकले तर कामगारांचे दोनचाकी गाडे माणसांनाही ओढून नेतात. सोबत एक स्वतंत्र गाईड फक्त त्यांच्यासाठी ठरवा, इनहेलर त्यांच्या खिशात हवा, तुमच्या बॅगेत नाही. पहाट झाली आणि वारा काठावरून पलीकडे जात असेल तर पुढचा एक किलोमीटर जवळपास सपाट आहे. त्यांना काठावर आणा. सूर्य वर आला की ते पाणी आधी राखाडी, मग एकदम नीलमण्यासारखं होतं. बायको तिथे एकटी दोन तास बसली होती. मी खालून आलो तेव्हा तिने माझ्या निळ्या ज्योतीबद्दल काही विचारलं नाही, हात धरून शेजारी बसवलं आणि सरोवराकडे बोट दाखवलं. काठावर जिथे कठडा नाही तिथे कडेला उभं राहून फोटो काढायचा मोह आवरा. 2024 मध्ये एका पर्यटक स्त्रीचा तिथेच तोल जाऊन मृत्यू झाला.

वर जायला आता आरोग्य दाखला मागतात. तो पायथ्याच्या भागात रक्तदाब आणि नाडी बघून पाच मिनिटांत मिळतो, त्याला तपासणी समजू नका. पुण्याहून निघायच्या आधी वडिलांना त्यांच्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. "ट्रेकला जाऊ का" असं विचाराल तर ते नक्की हो म्हणतील, चालणं चांगलंच असतं. त्यांना असं विचारा: "सल्फर डायऑक्साइड असलेल्या हवेत, थंडीत, दोन तास चढ चढायचाय. चालेल का?"