फेनिल, फिनेल आणि बेंझिल

खानापूरहून आलेला प्रश्न असा: मराठी माध्यमातून दहावी करून मुलगी पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला गेली. शब्दकोशात ‘फेनिल’ म्हणजे फेसाळ. बेंझीन या सहा कार्बनांच्या वलयातला एक हायड्रोजन काढल्यावर उरणारा गटही फेनिल. फरशीचं फिनेल पाण्यात ढवळलं की फेसतं. तिन्ही एकच का? आणि गट बेंझीनचाच आहे तर त्याला बेंझिल का म्हणत नाहीत?

फेसाळ अर्थाचा फेनिल आपला, ‘फेन’ म्हणजे फेस यावरून आलेला; संस्कृतात रिठ्यालाही फेनिल म्हणतात. रसायनातल्या शब्दाशी त्याचं काहीच नातं नाही. तो ग्रीक ‘फाइनो’, म्हणजे उजळणे, यावरून आला. फॅरडेने १८२५ साली बेंझीन वेगळं केलं ते दिव्यांच्या गॅसमधून उरलेल्या तेलातून. म्हणून फ्रान्सच्या लोराँने त्याला ‘फेन’ हे नाव सुचवलं. ते टिकलं नाही, पण गटाच्या आणि फेनॉलच्या (त्या गटाला ओएच जोडलेलं द्रव्य) नावात राहून गेलं. माझ्या मते गटाला ‘फिनिल’ लिहावं, म्हणजे गोंधळ टळतो.

खडेबाजारात फिनेल मागितलं की मिळते ती बाटली, गट नव्हे. काळ्या फिनेलात डांबरातून निघालेली फेनॉलच्या जातीची द्रव्यं असतात, म्हणून ते नाव. पाण्यात ओतल्यावर ते दुधासारखं होतं, कारण त्यातल्या साबणामुळे तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात. पांढऱ्या फिनेलात बहुधा पाइन तेल असतं. त्यातल्या टर्पिनिऑलला वास छान, पण बेंझीनचं वलय नाही. रसायनात ॲरोमॅटिक म्हणजे बेंझीनसारखं वलय असलेलं; त्या अर्थाने ते ॲरोमॅटिक नव्हे. ॲरोमॅटिकला ‘सुगंधी’ म्हणू नये ते यासाठीच.

आता बेंझिल. हे घराणं आपल्या उदाचं. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालतो तो ऊद (कन्नडातल्या ऊदिनकड्डीतही तोच शब्द) अरबीत ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान. युरोपात ‘लु’ गळून बेंझॉइन झालं, आणि ऊद तापवून वाफेतून धरलेल्या पांढऱ्या सुयांना बेंझॉइक आम्ल म्हणू लागले. या आम्लात कार्बन सात. १८३२ साली लीबिग आणि व्योलर या जर्मन रसायनज्ञांनी ‘बेंझॉइल’ हा गट ठरवला, त्यातही सातच. पुढे मिट्शरलिखने हे आम्ल चुन्याबरोबर तापवलं. एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने चुन्यात अडकला आणि सहा कार्बनांचं तेल, म्हणजे बेंझीन, वर आलं. नाव मात्र त्याने आम्लावरूनच दिलं. गाठ इथे पडली: बेंझ-घराणं सातांचं, बेंझीन सहाचं.

म्हणून नाव लिहिण्याआधी कार्बन मोजावेत. सी६एच५ हा फिनिल. सी६एच५सीएच२ हा बेंझिल, म्हणजे टोल्यूइनच्या (बेंझीनच्या वलयाला सीएच३ची शेपटी) शेपटीतला एक हायड्रोजन गेलेला. सी६एच५सीओ हा बेंझॉइल.

फरक परीक्षानळीतही दिसतो. बेंझिल क्लोराइडमध्ये अल्कोहोलातलं सिल्व्हर नायट्रेट घातलं की पांढरा साका बसतो. क्लोरोबेंझीन कोमट केलं तरी साका येत नाही, कारण वलयाच्या कार्बनाला थेट चिकटलेला क्लोरीन सुटत नाही. सीएच२वरचा सहज सुटतो. तसंच न्यूट्रल फेरिक क्लोराइडने फेनॉल जांभळं होतं, बेंझिल अल्कोहोल होत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते सी६एच५सीएच२सीएच२ओएच, गुलाबाच्या वासाचं. मुलं ‘२-बेंझिलइथेनॉल’ लिहितात. बेंझिलचे सात आणि इथेनॉलचे दोन मिळून नऊ होतात. इथे तर आठच आहेत. वलय फिनिलमध्ये गेलं, उरलेले दोन इथेनॉलचे: २-फिनिलइथेनॉल.