१६ वर्षांच्या मुलीच्या डिप्रेशनसाठी डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवलंय. हे शॉकच आहे का? करावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरावीत आहे, आठ महिने डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे, दोन वेगवेगळ्या गोळ्या देऊन झाल्या, फरक जेमतेम. आता डॉक्टर आरटीएमएसचं, म्हणजे चुंबकाने मेंदूला ठोके देणाऱ्या मशीनचं म्हणताहेत आणि घरात सासूबाई म्हणतात, पोरीच्या डोक्याला शॉक लावायचा नाही. तुम्हाला सरळ उत्तर हवंय.

मी डॉक्टर नाही. एका मानसोपचारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये हेच मशीन चालवते. म्हणजे माझा पगार या मशीनवर निघतो, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

शॉकचं आधी निकालात काढू. ज्याला आपण शॉक म्हणतो त्या ईसीटीत भूल देतात, डोक्यातून वीज सोडतात आणि मुद्दाम फिट आणतात. आरटीएमएसमध्ये भूल नाही, ॲडमिट होणं नाही, आणि फिट येऊ नये म्हणूनच सगळी काळजी घ्यायची असते. आठच्या आकड्यासारखी वळवलेली एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, कपाळाच्या वर डावीकडे टेकवतात. तिच्यातून क्षणभरच जोराचा प्रवाह जातो, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटी ओलांडतं आणि मेंदूच्या वरच्या थरात दोनेक सेंटीमीटरवर बारीकसा प्रवाह उठवतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं, मुलीने दहावीला शिकलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. मेंदूसाठी ते पहिल्यांदा नीट वापरून दाखवलं इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी, १९८५ मध्ये. आपल्याकडचा कायदाही दोन्हीत फरक करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांना ईसीटी द्यायची तर पालकांच्या संमतीबरोबर त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी लागते. आरटीएमएसला ती अट नाही. सासूबाईंना हवं तर एका सिटिंगला सोबत आणा. आमच्याकडे आज्या येऊन बसतात आणि पाच मिनिटांत कंटाळतात.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते, कारण मुलांना भीती त्याचीच असते. क्लिपा, पिना, कानातले काढायचे, कानात इअरप्लग घालायचे. मग मी कॉइल डोक्यावर थोडी मागे, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागावर ठेवते आणि एकेक ठोका देत उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत बसते. ताकद हळूहळू वाढवत नेली की एका टप्प्याला अंगठा आपोआप टिचकतो. मुलं दचकतात आणि बहुतेक वेळा हसतात. आपण न हलवता आपलाच अंगठा हलला याची गंमत वाटते. दहा ठोक्यांत निम्म्या वेळा अंगठा हलेल ती ताकद म्हणजे त्या मुलाचा थ्रेशोल्ड. डोस त्यावरून ठरतो, थ्रेशोल्डच्या साधारण १२० टक्के. नेहमीच्या पद्धतीत चार सेकंद ठोके, २६ सेकंद विश्रांती, असं साडेसदतीस मिनिटं चालतं. एकूण ३,००० ठोके. आवाज गॅसचा लायटर कानाशी भराभर दाबल्यासारखा. भुवई फडफडते, डोक्याच्या कातडीला टोचल्यासारखं होतं, पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे.

आता मुख्य गोष्ट, जी क्लिनिकच्या पत्रकात तुम्हाला सापडणार नाही.

मोठ्या माणसांसाठी या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि मशीन तपासून मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये परवानगी दिली आणि त्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे. मुलांचं तसं नाही. मुलांवरची सगळ्यात मोठी नीट चाचणी अमेरिकेतच झाली, २०२१ मध्ये छापून आली. १२ ते २१ वर्षांची १०३ मुलं, सगळ्यांना आधीच्या औषधांनी पुरेसा फरक न पडलेला. निम्म्यांना खरी कॉइल, निम्म्यांना खोटी: आवाज तोच, टोचणं तेच, पण आत काही पोचत नाही. ३० सिटिंग झाल्यावर खऱ्या कॉइलवाल्यांपैकी सुमारे ४२ टक्के मुलांना चांगला फरक पडला. खोट्या कॉइलवाल्यांपैकी ३६ टक्क्यांना. एवढ्याशा फरकाला आकडेशास्त्रात फरक म्हणत नाहीत.

तरीही मार्च २०२४ मध्ये एफडीएने १५ ते २१ वयासाठी एका कंपनीच्या मशीनला परवानगी दिली, तीही औषध-थेरपीला जोड म्हणून. त्यामागे होत्या हजाराहून जास्त मुलांच्या प्रत्यक्ष उपचारांच्या नोंदी. त्या नोंदींत बरीच मुलं सुधारलेली दिसतात, पण तिथे खोट्या कॉइलचा गट नाही. म्हणून ‘एफडीए मान्य’ असं कुणी सांगितलं तर ते खरं आहे, फक्त अर्धं आहे.

खोट्या कॉइलनेही तिसरा हिस्सा मुलं सुधारली, हा आकडा मला रोजच्या कामात पटतो. विचार करा ना. महिनोन् महिने दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहिलेली मुलगी सहा आठवडे रोज ठरल्या वेळेला आंघोळ करून बाहेर पडते. आई किंवा बाबा कामातून वेळ काढून गाडीवर घेऊन येतात, वाटेत दोन शब्द होतात. इथे कुणीतरी रोज विचारतं, झोप लागली का, जेवलीस का. दर आठवड्याला फॉर्म भरून घेतात. चुंबक त्यात किती आणि बाकीचं किती, हे मला खुर्चीच्या शेजारी बसून सांगता येत नाही. मोठ्यांच्या बाबतीत चुंबकाचा वाटा आहे हे दिसलंय. मुलांच्या बाबतीत अजून तसं दिसलेलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नात मला जे खटकलं ते सांगते. दोन गोळ्यांचा उल्लेख आहे, थेरपीचा एक शब्द नाही. ‘काउन्सेलिंग झालं’ म्हणजे डॉक्टर गोळ्या लिहिताना दहा मिनिटं बोलले, असं बऱ्याच घरांत असतं. ते नव्हे. थेरपी म्हणजे सीबीटीसारखी, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी: दर आठवड्याला पाऊण-एक तास, गृहपाठासकट, निदान तीन महिने. याचा पुरावा मुलांवरच आहे. २००४ च्या अमेरिकन चाचणीत १२ ते १७ वयाची ४३९ मुलं होती. १२ आठवड्यांनी फ्लुऑक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी आणि सीबीटी एकत्र घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के सुधारली, नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या सीबीटीवर ४३, खोट्या गोळीवर ३५. आणि तुमच्या मुलीसारखी, पहिल्या गोळीने फरक न पडलेली ३३४ मुलं २००८ च्या एका चाचणीत होती. तिथे गोळी बदलून सोबत सीबीटी दिली तेव्हा ५५ टक्के सुधारली, नुसती गोळी बदलली तेव्हा ४१.

तेव्हा फाइल घेऊन बसा आणि बघा: दोन्ही गोळ्या पूर्ण डोसला सहा-आठ आठवडे चालल्या होत्या का, की मळमळ झाली म्हणून तिसऱ्या आठवड्यात बदलली? मुलगी त्या खरंच घेत होती का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का? घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी अति उत्साह असा आजार, आहे का? हे शेवटचं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, कारण मग गोळ्यांचाही आणि मशीनचाही विचार बदलतो. आणि कॉलेजात, क्लासमध्ये, फोनवर तिला कुणी छळत असेल तर ते तीन हजार ठोक्यांनी थांबणार नाही.

माझं मत विचाराल तर, थेरपी नीट झालेली नसेल तर आधी ती. झाली असेल, गोळ्याही पुरत्या देऊन झाल्या असतील, तर आरटीएमएस करायला हरकत नाही. घातक नाही, आणि दुसरे रस्ते संपत आले असताना करून बघण्याजोगं आहे. पण थेरपी आणि गोळ्या चालू ठेवून. आणि त्यासाठी दागिने मोडू नका. आधी सगळ्या सिटिंगांचा मिळून खर्च किती ते लेखी घ्या, विमा कंपनीलाही लेखी विचारा; ॲडमिट न होता घेतलेले उपचार बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत. पाच दिवसांत पन्नास सिटिंगचं पॅकेज कुणी पुढे केलं तर थांबा. त्या वेगवान पद्धतीला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती मोठ्या माणसांसाठी.

धोक्यांचंही सांगते. फिट येण्याचा धोका हजारात एकापेक्षा कमी धरतात, पण जागरणाने आणि दारूने तो वाढतो. अकरावी-बारावीची मुलं रात्री तीनला झोपून सकाळी दहाला आमच्याकडे येतात आणि सांगत नाहीत. तुम्ही सांगा, आम्ही त्या दिवशीची सिटिंग पुढे ढकलतो. उपाशीपोटी आणू नका. पहिल्या दिवशी घाबरून, रिकाम्या पोटी चक्कर येणारी मुलं असतात. डोक्यात ऑपरेशनने बसवलेली धातूची क्लिप किंवा कानात ऐकू येण्यासाठी तसंच बसवलेलं यंत्र (कॉक्लिअर इम्प्लांट) असेल तर हे करताच येत नाही. लहानपणी तापात फिट आली होती, डोक्याला मार लागला होता, दातांना तारा आहेत, हे सगळं पहिल्याच दिवशी बोला.

सहामाही-वार्षिकच्या मध्ये सुरू करू नका. रोजचं येणं-जाणं धरून दीड-दोन तास मोडतात, आणि चार सिटिंग बुडाल्या की मुलं पुढे येतच नाहीत. शक्य असेल तर सुट्टीत घ्या. आणि तिला स्वतःला हे करायचंय का, ते तुमच्या लिहिण्यात कुठे आलं नाही. डॉक्टरांना सांगा की पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला.

मात्र ती मरायच्या गोष्टी बोलत असेल, हातावर ब्लेडच्या खुणा दिसत असतील, तर सुट्टीची वाट बघत बसू नका. मशीनचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढा वेळ तेव्हा नसतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, तिला एकटी सोडू नका. डॉक्टर भेटत नसतील तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.