एकटीचा बिझनेस, सेप घ्यावं की सोलो 401के?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला घरूनच टेस्टिंगची कॉन्ट्रॅक्टची कामं करता, एकटीची एलएलसी (छोटी नोंदणीकृत कंपनी) आहे, खर्च जाऊन वर्षाला 80 हजार डॉलर उरतात, मिस्टरांना कंपनीचं 401के (नोकरीतलं रिटायरमेंट खातं) आहे पण तुमच्या नावावर रिटायरमेंटचं काहीच नाही, आणि टॅक्सवाल्यांनी सांगितलंय की सेप आयआरए (मालकाने पैसे टाकायचं रिटायरमेंट खातं) उघडा, सोप्पं आहे. वर्षाला 30 हजार टाकायची तयारी आहे तुमची.

सेप चुकीचं नाहीये, पण तुम्हाला ते तोकडं पडतंय. टॅक्ससाठी एलएलसीचं एस कॉर्प (मालकाने स्वतःला पगार द्यायचा प्रकार) केलेलं नाही असं धरतो. 80 हजारातून सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्सचा (स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी भरायचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा टॅक्स) अर्धा भाग वजा करायचा, उरतात साधारण 74,350, आणि त्याचे 20 टक्के म्हणजे 14,870 च्या आसपास, सेपमध्ये याच्या वर एक डॉलर जात नाही. (25 टक्के म्हणतात ते पगारावर, आपल्यासारख्यांना हिशोबात 20 च पडतात, इथे खूप जण चुकतात.) सोलो 401के (एकट्या मालकाच्या धंद्यासाठीचं 401के) मध्ये हेच 14,870 मालक म्हणून टाकता येतातच, शिवाय स्वतःच्याच कंपनीची नोकरदार म्हणून 2026 साठी 24,500 वेगळे. म्हणजे तुमचे 30 हजार आरामात बसतात, सेपमध्ये निम्मे बाहेर राहतात. हे 24,500 माणशी असतात, मिस्टरांच्या प्लॅनचा त्याच्याशी संबंध नाही, पण उद्या तुम्ही कुठे नोकरी धरून तिथलं 401के घेतलं तर दोन्हीकडे मिळून मोजायचे.

कटकट थोडी आहे. खात्यात वर्षअखेर अडीच लाख डॉलरच्या वर गेले की दरवर्षी 5500-ईझेड फॉर्म (प्लॅनचा वार्षिक हिशोब) भरायचा, आणि विसरलात तर दिवसाला 250 डॉलर दंड, माझ्याकडे एक जण तीन वर्षं न भरता आले होते, आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) सवलतीत 1,500 वर सुटले पण तोवर झोप उडाली होती त्यांची. आणि सेप टॅक्स भरेपर्यंत कधीही उघडता येतं, तसं इथे मागे ठेवू नका, 31 डिसेंबरच्या आत कागद करा.

भारतात परतायचा विचार आहे लिहिलंय. तिथे अमेरिकेतल्या रिटायरमेंट खात्यातल्या वाढीवर दरवर्षी टॅक्स न भरता, पैसे काढताना भरायची सोय आहे, त्याचा फॉर्म मात्र वेळेत भरावा लागतो, म्हणून तिकडचा सीए आधीच गाठा.

पण मला खरी काळजी शेवटच्या ओळीची वाटते, की पुढच्या वर्षी कामाला एक मुलगी ठेवायचीय. सोलो हे फक्त मालक आणि त्याच्या जोडीदारासाठी. ती वर्षाला 1,000 तास भरली, किंवा सलग दोन वर्षं 500 च्या वर गेली, की तिलाही प्लॅनमध्ये घ्यावं लागू शकतं आणि मग ते सोलो राहत नाही, नियम, खर्च सगळंच बदलतं. सेपमध्ये तिला तुमच्याइतकेच टक्के द्यावे लागतील, पण पाचपैकी तीन वर्षं काम झाल्यावर, तशी अट ठेवता येते.

त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर यंदा सोलोच उघडलं असतं, आणि पहिल्या वर्षी 30 नाही, 24,500 च टाकले असते, उरलेले तिमाही टॅक्ससाठी हाताशी. मुलीला किती तास ठेवणार ते मात्र कागद करायच्या आधी मला कळवा.