चांदीवर तांबं बसवण्याआधी

सांगली

चि.,
अनेक आशीर्वाद.

पेंडंटचं रेखाटन पाहिलं. चांदीच्या पत्र्यावर तांब्याची पानं, मधे पितळेचा ठिपका. मांडणी छान आहे. कासचं फूल जसंच्या तसं उतरवलं नाहीस, हे विशेष आवडलं. घरातली जुनी गंगाजमनी भांडीही एकदा नीट बघ. तांबं कुठे संपतं आणि पितळ कुठे सुरू होतं, ती रेघच तिथली नक्षी असते.

आता कामाचं. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबं १०८५ ला. म्हणून ८०० पर्यंत तापवायला हरकत नाही असं वाटेल, पण हरकत आहे. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले असले की ७८० च्या सुमारासच सांध्यापाशी दोघांचा मिळून रस होतो. पान क्षणात चांदीत बुडतं आणि कडा खाल्ल्या जातात. तेव्हा साडेसातशेच्या आत वाहणारा डाख, म्हणजे सांधा जोडायचा मिश्रधातू, घे. कॅडमियमचा मात्र अजिबात नको, त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

सवागी (टाकणखार) लावून डाख आधी पानाच्या पाठीवर वितळव आणि कानशीने सपाट कर. मग पान पत्र्यावर ठेवून ज्योत खालून दे. वरून दिलीस तर पातळ पान आधी तापतं, जाड पत्रा थंडच राहतो आणि डाख पानावरच चढतो. कडेला चकचकीत रेघ दिसली की ज्योत काढ.

पितळ आगीत नकोच. जास्त तापलं की त्यातलं जस्त उडून जातं आणि पृष्ठभागाला खड्डे पडतात. ठिपक्यालाच रिवेट कर, म्हणजे भोकातून घातलेल्या तारेची दोन्ही टोकं ठोकून पसरव: १.२ मिमी तार, भोकही १.२ चंच. दोन्ही बाजूंना ०.६ मिमी तार बाहेर ठेव आणि आलटून पालटून हलके ठोके दे. तार जास्त ठेवलीस तर वाकते. भोक सैल असेल तर तार आतच फुगते आणि पान हलत राहतं.

रिवेटच्या आधी आम्लाने सफाई. दहा भाग पाण्यात एक भाग गंधकाम्ल, आणि आम्लच पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. चिमटा तांब्याचा वापर. लोखंडाचा बुडवलास तर चांदीवर तांब्याचा लाल थर चढतो.

काळेपणा सर्वांत शेवटी, कोमट पाण्यातल्या पोटॅशियम सल्फाइडने. चांदी आणि तांबं काळवंडतात, पितळेवर परिणाम फार कमी होतो. तुझा ठिपका पिवळाच उठून दिसेल.

घामाने तांबं हिरवं पडतं, म्हणून अंगाला टेकणारी बाजू चांदीचीच ठेव. बिलात चांदीचं वजन वेगळं लिही.

आणि कानस चालवताना खाली दोन ताटं ठेव. तांबं, पितळ, डाख मिसळलेला कीस विट्याच्या गलाईवाल्याकडे (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याकडे) नेलास तर शुद्धता कमी निघते आणि पैसेही कमी मिळतात. चांदीचा कीस पहिल्या दिवसापासून वेगळाच साठव.

कळावे.