वारसा आपल्या हाती: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: आमच्या वाचनालयातल्या एका लोखंडी पेटीत संयुक्त महाराष्ट्र चळवळीची पत्रके, आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’ दैनिकाचे अंक, सभांचे फोटो आणि कापडी बिल्ले निघाले. एक खोली मोकळी आहे, तिथे कायमचे दालन करायचे ठरते आहे. सुरुवात कशी करावी?
(वाचनालयाचे कार्यवाह, सातारा जिल्हा)

पेटी उपसण्याआधी तिचे वरून फोटो काढा आणि प्रत्येक थर उचलताना पुन्हा काढा. तारीख नसलेल्या पत्रकाचा काळ पुष्कळदा त्याच्या शेजारच्या कागदावरून लागतो. एकदा गठ्ठे विस्कटले की तो धागा गेला.

त्यानंतर नोंदवही करा. ती शिवलेली असावी, सुट्या पानांची नको. प्रत्येक वस्तूला तीन भागांचा क्रमांक द्या: २०२६.१.१४ म्हणजे वर्ष, त्या वर्षी आलेली पहिली खेप आणि तिच्यातली चौदावी वस्तू. हाच क्रमांक कागदाच्या मागे खालच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने लिहा, पेनाने कधीच नाही. वस्तू कुणाकडून आली, आकार किती, अवस्था कशी आणि कपाटाचा कोणता खण, एवढे रकाने पुरतात. गावातून आणखी वस्तू येऊ लागतील तेव्हा ‘देणगी’ की ‘ठेव’ हे लिहून त्यावर सही घ्या. हे न केल्याने दहा वर्षांनी नातवंडे वस्तू परत मागायला येतात आणि छोटी संग्रहालये तिथेच मोडतात.

१९५०च्या दशकातला वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात आपोआप आम्ल तयार होते, म्हणून तो पिवळा पडून कडांना तुटतो. त्याला लॅमिनेशन करू नका, उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीही नको. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हाताने काढा, अंक उलगडून आम्लमुक्त कागदाच्या घडीत आडवे ठेवा. स्टीलचे कपाट जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून थोडे सुटे असावे. एक साधा आर्द्रतामापक आत ठेवा. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात आठवड्याला एकदा पाहणी हवीच. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ कागदालाही वाईट आणि माणसालाही.

भिंतीवर मूळ कागद लावूच नका. ४०० पीपीआयने (इंचाला ४०० बिंदू) रंगीत स्कॅन करून त्याची छापील प्रत लावा. एखादे अस्सल पत्रक दाखवायचेच असेल तर उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) आत ठेवा आणि तीन महिन्यांनी ते बदला.

प्रश्न: गावातल्या काहींचे म्हणणे, अशा दालनाने प्रांतवाद वाढेल आणि भारतीयत्व मागे पडेल. त्यांना काय सांगावे?
(एक शिक्षिका, सांगली जिल्हा)

त्यांची शंका उडवून लावू नका. तिचे उत्तर भिंतीवरच्या क्रमात आहे. मांडणी २१ नोव्हेंबर १९५५च्या फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराने सुरू झाली आणि १ मे १९६०ला संपली, तर पाहणाऱ्याला ‘मराठी विरुद्ध दिल्ली’ एवढेच दिसते. सुरुवात मागे न्या. १९२०च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने स्वतःच्या प्रांतिक समित्या भाषेनुसार करण्याचे ठरवले. म्हणजे भाषिक राज्याची कल्पना स्वातंत्र्यलढ्याच्या पोटातूनच आली. हे पहिल्या फलकावर आले की पुढचे सगळे वेगळे वाचले जाते.

त्यानंतर भाषावार प्रांतांचा प्रश्न तपासणारा १९४८चा दार आयोग दाखवा, त्याने अशा प्रांतांना नकार दिला. मग तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलूंनी केलेल्या उपोषणातले त्यांचे निधन आणि १ ऑक्टोबर १९५३चे आंध्र राज्य, पुढे राज्यांच्या पुनर्रचनेसाठीचा फाजल अली आयोग, आणि १ नोव्हेंबर १९५६चे मराठी-गुजराती असे द्विभाषिक मुंबई राज्य. याच ठिकाणी आमचा एक आग्रह आहे: ऑगस्ट १९५६मधला अहमदाबादचा गोळीबार आणि वेगळ्या गुजरात राज्यासाठीची महागुजरात चळवळही लावा. द्विभाषिक राज्य गुजरातलाही नको होते. हा एक फलक मराठी-गुजराती वैराची सोपी गोष्ट तिथल्या तिथे थांबवतो.

राज्यघटनेचा तिसरा अनुच्छेदही मोठ्या अक्षरांत हवा. नवे राज्य संसदेच्या कायद्याने होते, आणि महाराष्ट्र १९६०च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने झाला. रस्त्यावर रक्त सांडले, तरी मागणी होती ती भारताच्या संघराज्यातल्या एका राज्याची. राष्ट्राची ओळख अशा भांडणांतून आणि तडजोडींतून घडली, असे आमचे ठाम मत आहे. शाळेतल्या मुलांना ते कागदावर दिसले पाहिजे.

शेवटी अपुरे राहिलेलेही मांडा: विदर्भ आणि उरलेल्या मराठी भागाच्या नेत्यांमधला २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार, वेगळ्या विदर्भाची मागणी, बेळगावचा सीमाप्रश्न. हे गाळले तर दालनाची विजयी मिरवणूक होते, आणि विदर्भातून आलेल्या पाहुण्याला ते लगेच खटकते.

पाटी साठ शब्दांच्या आत, अक्षरे किमान २४ पॉइंटची, मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर. ‘धगधगत्या रणसंग्रामाचा साक्षीदार’ असे लिहिल्याने कुणाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘सभेचे हस्तपत्रक, १९५६. सायक्लोस्टाईल. मागे पेन्सिलीने वर्गणीचे आकडे.’ ते आकडे पाहायला माणूस वाकतोच.

प्रश्न: एक बिल्ला हुतात्म्याच्या शर्टावरचा आहे असे घरचे सांगतात, पुरावा नाही. पाटीवर तसे लिहावे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ असे लिहून पुढची माहिती द्या. साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांसाठी आलेली वाघनखे घ्या. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्या वंशजाकडून ती तिकडे गेली, आणि १६५९मध्ये अफझलखानावर वापरलेली ती हीच का हे पडताळता आलेले नाही, असे लंडनच्या संग्रहालयानेच सांगितले आहे. तरी ती पाहायला लोकांनी गर्दी केली. परंपरा परंपरा म्हणून सांगितल्याने तिचा मान कमी होत नाही.

बिल्ल्याबद्दल घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत लवकरात लवकर ध्वनिमुद्रित करा. आधी लेखी संमती घ्या, पंखा बंद ठेवा, फाइल डब्ल्यूएव्ही (WAV, आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात जतन करा आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवा. ‘हे तुम्हाला कुणी, कधी सांगितले?’ हा प्रश्न विसरू नका. पाटीवरचे वाक्य त्याच उत्तरावर ठरेल.