रेस बघायचीय, पैसे नाही लावायचे!

प्रश्न : सासऱ्यांना एकदा महालक्ष्मीची घोड्यांची रेस बघायची हौस आहे. आम्ही कुणीच कधी गेलेलो नाही. पैसे न लावता नुसतं बघता येतं का? आणि बघायचं काय?
– एक सूनबाई, नौपाडा, ठाणे

उत्तर : खुशाल न्या. तिकीट काढून आत गेलं की पैसे लावायची सक्ती कुणी करत नाही. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात रेस पुण्याला. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडा, फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही. फेब्रुवारीतल्या डर्बीला, म्हणजे हंगामातल्या सगळ्यात मानाच्या रेसला, मात्र नको. त्या दिवशी घोड्यांपेक्षा टोप्याच जास्त दिसतात.

रेसबुक, म्हणजे त्या दिवशीच्या रेसची माहितीपुस्तिका, घ्या आणि तडक पॅडॉक गाठा. रेसआधी घोडे इथे गोल फिरवतात. माझ्या मते खरी मजा इथेच. तुकतुकीत अंग, ताठलेल्या शिरा; एखादा अगदी शांत, तर एखाद्याच्या मानेवर आधीच घामाचा फेस. पुस्तकात प्रत्येक घोड्यापुढे वजन छापलेलं असतं; ते घोड्याचं नव्हे, त्याने पाठीवर वाहायचं, जॉकी (स्वार) आणि खोगिरासकटचं. हँडिकॅप रेसमध्ये सरस घोड्यावर जास्त वजन, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. जॉकी हलका पडला तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या घालतात आणि रेसनंतर त्याला खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभं करतात.

१२०० मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आसपास आटोपते. तेव्हा दुर्बिणीच्या नादी न लागता शेवटच्या खांबाजवळ उभे राहा.

सासऱ्यांनी हट्टच धरला, तर टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवरच्या अधिकृत बेटिंगच्या, खिडकीवर ‘प्लेस’ लावू द्या. घोडा पहिलाच यायला हवा असं त्यात नसतं. पाकीट तेवढं तुमच्याकडे ठेवा.